पत्रास कारण की… कारण काहीच नाही

शाळेत पत्रलेखन शिकवताना बाईंनी मायना, मजकूर आणि समारोप असे तीन खण पाडून दिले होते. मजकुराची सुरुवात ठरलेली: ‘पत्रास कारण की.’ कारण असल्याशिवाय पत्र लिहायचंच नसतं, असं आम्ही तेव्हापासून धरून चाललो. पुस्तकं मागवायची, वीजबिल जास्त आलं, ताईचं लग्न ठरलं, ही परीक्षेतली कारणं. पुढे माझंही लग्न ठरलं. मी नाशिकरोडला आणि होणारा नवरा सैन्यात, ‘मार्फत ९९ एपीओ’. त्यापलीकडचा त्याचा पत्ता मला ठाऊक नव्हता, विचारायचाही नव्हता. रोज एक पत्र लिहीन असं कबूल करून बसले होते आणि पहिल्या आठवड्यातच माझी कारणं संपली. आठवण येते हे सात वेळा लिहून झालं होतं. सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत होत्या.

आठव्या दिवशी हात टेकले आणि लिहिलं, ‘आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने कोळशाची इस्त्री सोडून विजेची घेतली. आता त्याच्या टपरीवरून जाताना तो गरम कपड्यांचा वास येत नाही.’ बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. आधीच्या सात पत्रांतल्या आठवणींना मिळून त्यात एक ओळ होती, इस्त्रीवाल्याला दीड पान. त्याच्या गावचा इस्त्रीवाला, त्याने जाळलेली शाळेची चड्डी, आणि शेवटी प्रश्न: ‘तो जुन्या इस्त्रीचं काय करणार आहे?’

रोजच्या पत्राबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. त्याला कारण लागत नाही. कारणासाठी फोन आहे. लांबच्या माणसाला आपल्या दिवसात राहायला जागा करून देणं, हे पत्राचं काम. हे नीट कसं करायचं, काय टाळायचं आणि टपालाच्या बाजूने काय सांभाळायचं, ते आता क्रमाने पाहू.

आधी ठरवून घ्या

रोज पत्र येणं समोरच्याला हवं आहे ना, हे पहिल्यांदा विचारा. हॉस्टेलवर, छावणीत किंवा सासुरवाडीइतक्याच माणसांनी भरलेल्या घरात रोज पत्र येणं म्हणजे रोज चार जणांच्या नजरा झेलणं. पत्र कोणाच्या हातात पडतं, कोण फोडतं, कोणत्या पत्त्यावर पाठवलेलं बरं, हे उघडपणे बोलून घ्या. समोरच्याने ‘नको’ म्हटलं तर तिथेच थांबायचं. नको म्हटल्यावरही रोज जाणारं पत्र हे प्रेम राहत नाही, तो जाच होतो.

दुसरं, तुम्ही रोज लिहिणार म्हणून समोरच्यानेही रोज लिहावं अशी अट घालू नका. काहींना लिहायला सुचतं, काहींना वाचायला आवडतं. तो आठवड्यातून एक लिहिणार, ती रोज लिहिणार, असं ठरलं तरी जोडी बिघडत नाही. पत्रांचा जमाखर्च मांडायला लागलं की मग ती उधारीची वही होते.

तिसरं, रोजचं पत्र लहान असू द्या. पहिल्या दिवशी सहा पानं लिहिणारा माणूस दहाव्या दिवशी थकतो. अर्धं पान ठरवा. रात्रीची भांडी झाल्यावर, शेवटच्या बसमध्ये, दुकान बंद करताना, जी दहा मिनिटं रोज हमखास मिळतात ती धरा.

दिवसातली एकच गोष्ट

अर्ध्या पानात अख्खा दिवस कोंबायला गेलात तर हजेरीपत्रक होतं: उठले, आवरलं, कामावर गेले, आले, जेवले. त्याऐवजी दिवसातली एकच गोष्ट उचला आणि ती जवळून दाखवा.

आमच्या नाशिककडे त्याचा उत्तम दाखला आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तीही अवघ्या पाच दिवसांत. पण पुस्तकाची रचना आठवा: रात्र पहिली, रात्र दुसरी, रात्र तिसरी. एका रात्री आईची एक आठवण. पायाला माती लागू नये म्हणून आईने लुगडं पसरलं, इतक्या साध्या आठवणींवर या रात्री उभ्या राहतात. पुढे पुतणी सुधा हिला त्यांनी लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ पुस्तकरूपाने आली. आपल्या माणसाला लिहिताना आजूबाजूचं जग किती जागा घेऊ शकतं, हे त्यांत दिसतं.

आपल्याला गुरुजींसारखं लिहायचं नाही. गोष्ट निवडायची सवय तेवढी त्यांच्याकडून घ्यायची. नाशिकचा माणूस बाहेर असेल तर पावसाळ्यात ‘इकडे खूप पाऊस आहे, तुझी आठवण येते’ यापेक्षा ‘धरणातून पाणी सोडलंय, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं’ हे लिहा. नाशिककर पूर मारुतीवरच मोजतात. गुडघे, कंबर, छाती. वाचणारा क्षणात गोदाकाठी येऊन उभा राहतो, पुलावरची गर्दी त्याला दिसते, पलीकडच्या टपऱ्यांची सामानाची आवराआवर दिसते. आठवण येते हे वेगळं सांगायला लागत नाही. मारुतीचं पाणी कुठवर आलं हे कोणी उगाच कोणाला कळवत नाही.

माझ्या जुन्या गठ्ठ्यातलं एक पत्र इथे उतरवते. भाषेत काही विशेष नाही, म्हणूनच.

‘क्र. ५२. बुधवार, रात्र. आज आईबरोबर बुधवारच्या बाजाराला गेले होते. मेथीवाल्या आजीकडे सुट्टे नव्हते, म्हणून तिने दोन लिंबं हातात ठेवली. आईने परत केली. आजीने पुन्हा पिशवीत टाकली. असं तीनदा. शेवटी आजी जिंकली. घरी येऊन सरबत केलं, साखर जास्त पडली. तुझा वाटा भाऊ प्यायला. तुझ्याकडे लिंबं मिळतात का? कसली असतात, कागदी की जाड सालीची?’

यात प्रेमाचा शब्द नाही. पण ‘तुझा वाटा’ आहे. रोजच्या पत्रात हा वाटा कुठेतरी असावा. ओट्यावर, बाकावर, बसच्या सीटवर त्याची किंवा तिची जागा धरलेली असावी. ती नसेल तर पत्र म्हणजे नुसती डायरी होईल.

उत्तर देता येईल असा प्रश्न

‘कसा आहेस?’ या प्रश्नाला ‘मजेत’ याखेरीज उत्तर नाही. प्रत्येक पत्रात एक तरी असा प्रश्न ठेवा की ज्याचं उत्तर समोरच्यालाच ठाऊक आहे. खोलीच्या खिडकीतून सकाळी पहिल्यांदा काय दिसतं? मेसमधली डाळ कोणाच्या हातची? शेजारच्या कॉटवरचा माणूस झोपेत कोणत्या भाषेत बडबडतो? ज्यांना लिहिता येत नाही म्हणतात, त्यांना बहुधा कोणी नीट विचारलेलं नसतं. डाळीबद्दल विचारलं की त्यांचीही दोन पानं होतात.

आलेल्या पत्रातला एखादा तपशील आठवड्याने पुन्हा वर काढा. ‘तुझा तो झोपेत बडबडणारा मल्याळी घरी जाऊन आला का?’ आपलं पत्र नुसतं वाचलं नाही, लक्षात ठेवलं, हे कळण्याइतकं सुख लांबच्या माणसाला दुसरं नाही.

आणि मायन्याकडे दुर्लक्ष करू नका. ‘प्रिय’ हा शब्द सगळ्या जगाचा आहे. दोघांतच चालेल असं एखादं नाव, एखादी चेष्टा मायन्यात येऊ द्या. खाली ‘कळावे, लोभ असावा’ लिहून मोकळं व्हायलाही हरकत नाही. ते जुनं असलं तरी लोभ असावा असं वाटतंच. मात्र ‘ता. क.’साठी दोन बोटं जागा सोडा. जे सांगायला धीर होत नाही ते माणूस तिथेच लिहितो.

टपालाची बाजू

रोज लिहायचं तर काय वापरायचं? सध्याच्या दराने साधं पोस्टकार्ड ५० पैशांचं, अंतर्देशीय पत्र अडीच रुपयांचं आणि २० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ५ रुपयांचं तिकीट. म्हणजे महिन्याच्या तीस पत्रांना कार्डाचे १५ रुपये, इनलँडचे ७५, पाकिटांचे १५०. दर बदलू शकतात, तेव्हा महिन्याचा साठा घेताना खिडकीवर विचारून घ्या.

कार्ड पोस्टमनपासून आजोबांपर्यंत सगळे वाचतात, हे गृहीत धरून लिहा. लाजऱ्या दिवसासाठी किंवा नुसत्या खुशालीसाठी ते बरं. रोजच्या पत्राला इनलँड सगळ्यांत सोयीचं. जागा मोजकी, त्यामुळे लांबण लागत नाही, आणि घडी घालून चिकटवलं की मजकूर झाकलेला. पण इनलँडच्या आत काही घालायचं नसतं, तशी सूचना त्यावरच छापलेली असते. बकुळीचं फूल, फोटो, बसचं तिकीट पाठवायचं असेल तर पाकीट घ्या. साधारण ए-४ आकाराचा एक कागद ५ ग्रॅमच्या आसपास भरतो. पाकिटाचं वजन धरून दोन-तीन कागदांपुढे गेलात तर आधी वजन करून घ्या. तिकीट कमी पडलं की पत्र ‘नॉटपेड’ होतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याला भरावे लागतात. प्रेमपत्रासाठी समोरच्याच्या खिशातून दंड वसूल होणं फारसं शोभत नाही.

नाशिकच्या माणसाने तिकीट चिकटवताना एवढं ध्यानात ठेवावं, की ते बहुधा आपल्याच गावातून निघालेलं असतं. नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची. त्याआधी कित्येक दशकं आपली तिकिटं लंडनहून छापून यायची. आमच्या ओळखीतले कितीतरी जण त्या प्रेसमध्ये कामाला. दुसऱ्यांच्या पत्रांची तिकिटं छापण्यात अख्खी नोकरी गेलेली माणसं इथे घरोघरी भेटतात.

पिनकोड टाकायचा कंटाळा करू नका. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो आला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी संस्कृतचे कवी होते. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून पत्रांची छाननी होणारा जिल्हा आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. ४२२००१ म्हणजे नाशिक शहराचं मुख्य पोस्ट, ४२२१०१ नाशिकरोड, ४२२४०१ देवळाली. एक आकडा चुकला की पत्र गावभर फिरून येतं.

देवळालीला तोफखान्याची शाळा, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर. त्यामुळे आमच्याकडे सैन्यातल्या माणसाला लिहिणाऱ्या मुली प्रत्येक गल्लीत एकदोन. त्यांच्यासाठी: नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’, शेवटी ९ ने सुरू होणारा पिन, एवढंच लिहा. गावाचं नाव घालू नका. तो कुठे आहे, कुठे हलणार आहे, युनिट काय करतंय, हे पत्रात विचारू नका आणि त्याने चुकून लिहिलं तर पुढे कोणाला सांगू नका. तिथली लिंबं कसली असतात, हे मात्र खुशाल विचारा.

आता सगळ्यांत कामाची गोष्ट: पत्रांना क्रमांक घाला. आत मायन्याआधी आणि बाहेर पाकिटाच्या कोपऱ्यातही. टपाल रांगेत येत नाही. रविवारी वाटप नसतं, मध्ये एखादा सण येतो, मग पाच पत्रं एकदम पडतात. माझं ४१ नंबरचं पत्र ३८ च्या आधी पोचलं होतं. ३८ मध्ये मी रुसले होते, ४१ मध्ये रुसवा निघाला होता. त्याला आधी कळलं की मी आता रागावलेली नाही, आणि मग मी कशावरून रागावले होते ते कळायची वाट तो चार दिवस बघत बसला. क्रमांक होते म्हणून निभावलं.

पत्र पेटीत टाकण्याआधी पेटीवरची पत्रं काढण्याची वेळ बघा. शेवटची वेळ टळून गेल्यावर टाकलेलं पत्र रात्रभर तिथेच झोपतं. रोजच्या पत्राला स्पीड पोस्टची गरज नाही. रजिस्टर्ड पोस्ट तर २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळलं आहे. कागदपत्रं तिथून पाठवा, मारुतीचं पाणी साध्या टपालाने जाऊ द्या.

माणूस परदेशात असेल तर रोज पत्र टाकणं खर्चाचं होतं. तिथे रोज लिहा आणि आठवड्याला टाका. सात दिवसांची सात लहान पानं, तारीख घालून, एका पाकिटात. जुन्या काळी विलायतेची डाक आठवड्याला एकदाच बोटीने निघायची, तेव्हा लोक हेच करत.

राग पत्रात घालू नका

तोंडावर रागावलं तर समोरचा लगेच काही बोलतो, रडतो, हसतो आणि प्रकरण मिटतं. पत्रातला राग आठ दिवस प्रवास करतो, ताजाच्या ताजा पोचतो, आणि तोवर लिहिणारा कधीच थंड झालेला असतो. शिवाय तो पुन्हा पुन्हा वाचता येतो.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. गोपाळराव मागे राहिले. ते स्वतः टपालखात्यात नोकरीला होते. पत्र पोचायला किती वेळ लागतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या आनंदीबाईंच्या चरित्रात दोघांच्या पत्रव्यवहाराचे भाग वाचायला मिळतात. परक्या देशात, थंडीत, अभ्यासाच्या ओझ्याखाली असलेल्या मुलीला नवऱ्याची टोचणारी पत्रं यायची. ती आज वाचतानाही हात आखडतो. गोपाळरावांनीच आनंदीबाईंना शिकवलं, पुढे पाठवलं, हेही तितकंच खरं. ज्याने एवढं केलं, त्याच माणसाने असंही लिहिलं. कागद दोन्ही जपून ठेवतो.

म्हणून नियम साधा ठेवा. राग आला तर पत्र जरूर लिहा, पण ते रात्रभर उशाशी ठेवा. सकाळी वाचून पाठवावंसं वाटलं तर पाठवा. दहातली आठ पत्रं सकाळी फाटतात. उरलेल्या दोनांतला विषय खरोखर गंभीर असतो, तो शक्यतो फोनवर किंवा भेटीत काढा. संशय, पैसा आणि दोन्हीकडच्या आयांची भांडणं यांना पत्रात मज्जाव. भेटीचा दिवस रद्द झाला, नोकरी गेली, आजार निघाला, अशा बातम्याही पत्राने कळवू नका. बातमी फोनवर, दिवस पत्रात, अशी वाटणी केली की दोन्ही नीट चालतात.

फोन हातात असताना?

आता सेकंदात निरोप जातो, चेहरा दिसतो, मग कागद कशाला? कारण निरोपाला उत्तर लागतं. दोन निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही की पोटात गोळा येतो. पत्राच्या बाबतीत ही घाई कोणालाच नसते. लिहिणारा टाकून मोकळा होतो, वाचणारा ड्युटी संपल्यावर, पाय धुऊन, निवांत वाचतो. दिवसभर बोलणाऱ्या जोडप्यांनाही पुष्कळदा असं जाणवतं, की आपण सतत एकमेकांची विचारपूस करतो पण सांगत काहीच नाही. त्यांनी महिनाभर करून पाहावं. टपाल जमत नसेल तर वहीत रोज अर्धं पान लिहा आणि भेटीत वही बदला. रात्री एकच सविस्तर ईमेल लिहिलात आणि तिला लगेच उत्तर मागितलं नाहीत, तरी चालेल. कागदाची फार पूजा करू नये. खरी गोष्ट ती दहा मिनिटं.

उत्तर आलं नाही तर? आधी टपालावर संशय घ्या, मग माणसावर. तीन-चार दिवस गेले तरी ‘का लिहिलं नाहीस’ असं न विचारता इस्त्रीवाल्याचं, मेथीचं लिहीत राहा. पण महिनोन्‌महिने एकच बाजू लिहितेय आणि दुसरीला आलेलं पत्र फोडायचीही फुरसत नाही, असं दिसलं, तर ते टपालाने सुटणारं नाही. तेव्हा भेटून समोरासमोर बोला.

गठ्ठ्याचं काय करायचं

पत्रं क्रमाने लावून, ओल लागणार नाही अशा डब्यात, कडुनिंबाची वाळलेली पानं घालून ठेवा. रबरबँड लावू नका, दोन वर्षांत तो कागदाला चिकटतो. सुती नाडी बांधा. कोणाचं पत्र कोणाकडे राहील आणि कोणाला दाखवायचं नाही, हेही दोघांनी बोलून ठेवा. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने पुस्तकात आला, पण कधी? लग्न १९२९ चं, कुसुमावती गेल्या १९६१ मध्ये आणि पुस्तक निघालं १९७२ मध्ये. लग्नाआधी कुसुमावती शिक्षणाला लंडनमध्ये होत्या, बोटीने पत्रं जात-येत होती. दोघंही मोठे लेखक, दोघंही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, तरी ती पत्रं इतकी वर्षं घरातच होती. आपण तर साधी माणसं. आपली पत्रं सवयीने फोटो काढून चारचौघांना पाठवायची नसतात.

माझा होणारा नवरा सव्वा वर्षाने सुटीवर आला तेव्हा पहिल्यांदाच आमच्या गल्लीत पाय ठेवत होता. स्टेशनवरून घरापर्यंत मी रस्ता दाखवत चालले होते. कोपऱ्यावर तो आपणहून थांबला, टपरीत डोकावला आणि इस्त्रीवाल्याला म्हणाला, “काका, ती कोळशाची इस्त्री विकली का हो शेवटी?”

काकांनी बाकाखालून काढून दाखवली.